लढाई होणार नाही

३ ऑगस्ट १९९०, मांद्रे

निवृत्तीनंतर दैनंदिनी लिहायची नाही असं ठरवलं होतं. नोकरीत लिहून लिहून बोटं झिजली आणि लिहिलेलं कुणी वाचलं नाही. पण काल इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, आणि आज सकाळपासून माझ्या घरच्या सोप्यावर बसायला जागा नाही. पोस्टमास्तर आले, देवळातला गुरव आला, तिठ्यावरचा बारवाला आला, दोन रापणकार तर जाळी तशीच टाकून आले. "भाई, तुमी बगदादेक होतात. सांगा, आता काय होतला?" गेल्या पाच वर्षांत या गावाने मला 'तुमचा टेलिफोन चालू आहे का' यापलीकडे काही विचारलं नव्हतं. गावात मला राजदूत म्हणतात. मी राजदूत कधीच नव्हतो, प्रथम सचिव म्हणून निवृत्त झालो. पूर्वी दुरुस्त करायचो, हल्ली करत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. माझी धाकटी बहीण सुमंगला शेजारच्या घरात राहते. नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, आणि तिचा एकुलता एक मुलगा गौरेश कुवेतमध्ये एका मोठ्या बेकरीचं कोठार सांभाळतो. तिकडचे फोन बंद आहेत. आमची ही गेल्यापासून मी दोन्ही वेळ सुमंगलेकडेच जेवतो. आज आमटीत मीठ नव्हतं. मी बोललो नाही, म्हणजे प्रसंग किती गंभीर आहे ते समजावं.

२८ ऑगस्ट

गौरेश जिवंत आहे! दुपारी माझ्या फोनवर आवाज आला, बसऱ्याहून. बेकरीसाठी मैदा आणायला व्हॅन घेऊन तिकडे आला होता. मालक पळून गेलाय, बेकरी या पोरांच्या हाती सोडून. कुवेतहून कुठे बोलता येत नाही, इराकी हद्दीत आलं की लागतो फोन. मी अंगणातून हाक मारली तशी सुमंगला पिठाचे हात घेऊनच धावली. रिसीव्हर धरून नुसती रडली. अग बाई, त्याचे पैसे जातायत, बोल काहीतरी, असं मीच ओरडलो. पुन्हा मैद्याला येईन तेव्हा फोन करतो म्हणाला.

आपलं सरकार अम्मानहून विमानं सोडतंय, पण अम्मानपर्यंत जायचं कसं? बसने सगळा इराक ओलांडायचा, पुढे जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटात तंबूत पडून राहायचं. पेपरात फोटो आलेत. पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातायत.

२२ सप्टेंबर

पणजीला परिसंवाद झाला. विषय 'आखात आणि अमेरिका', व्यासपीठावर तीन निवृत्त मुत्सद्दी. मी तिसरा, खुर्चीही कोपऱ्यातली. अध्यक्ष गोकुळदास. तो खराखुरा राजदूत होता, आणि ते विसरू देत नाही. मी मराठीत सुरुवात केली तर मागून एकजण ओरडला, "कोंकणींतल्यान उलय!" मग दुसरा त्याच्यावर ओरडला. राज्य होऊन तीन वर्षं झाली तरी यांचं भांडण मिटत नाही. तिकडे लाखोंचं सैन्य समोरासमोर उभं आहे आणि इकडे हे.

पण एकदा बोलायला लागलो आणि सभागृह गप्प झालं. मी म्हटलं, व्हिएतनामच्या काळात मी वॉशिंग्टनला होतो. मुलांचे फोटो छातीशी धरून रस्त्यात उभ्या राहिलेल्या आया मी डोळ्यांनी पाहिल्यात. ज्या देशाने इतक्या शवपेट्या उतरवून घेतल्या तो दुसऱ्याच्या वाळूसाठी पोरं पाठवणार नाही. शिवाय आता छापूनच आलंय, तुमच्या शेजाऱ्याशी असलेल्या सीमेच्या भांडणात आम्हाला काही म्हणायचं नाही, असं अमेरिकेच्या बगदादमधल्या वकिलातीनेच इराकला सांगितलं होतं म्हणे. तेव्हा हे सगळं दात दाखवणं आहे. चावणार नाहीत. टाळ्या पडल्या, चांगल्या खणखणीत.

गोकुळदासने समारोपात माझं नाव घेऊन उत्तर दिलं. म्हणाला, "मधुकररावांनी त्यांच्या आया पाहिल्या. मी त्यांचे सेनापती पाहिलेत. व्हिएतनाम विसरायला त्यांना एक जिंकलेली लढाई हवी आहे." बोलण्यात पहिल्यापासून असाच आहे तो, वाक्यं घासूनपुसून आणतो. सासऱ्याच्या वशिल्याने वर चढलेली माणसं नेहमी वाईटच भाकीत करतात. खरं झालं तर शहाणे ठरतात, खोटं झालं तर कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोन वर्तमानपत्रांत माझं नाव आलं. एकात आडनावातला मधला काना गेलाय, पण असो.

२४ सप्टेंबर

सकाळी सुमंगला काठाचं लुगडं नेसून, ताटात नारळ-विडा घेऊन भगवतीच्या देवळाकडे निघाली. कौल लावायला. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या पाकळीवर या गावात लग्नं ठरतात, विहिरी खणतात, माणसं ऑपरेशनं पुढे ढकलतात. मी तिला फाटकातच अडवलं. माझं डोकंच फिरलं. उभा जन्म परराष्ट्र खात्यात घालवलेला सख्खा भाऊ घरात, आणि ही फुलाला विचारणार!

ती थबकली. मग म्हणाली, "मगे तुका इचारू?"

"विचार की."

"दादा, कौल दोनदा इचारूचो नसता, ठाऊक आसा मां? एकदा शब्द पडलो की पडलो."

मी हसलो. तिने मात्र खरंच पदर डोक्यावर घेतला, ताट माझ्या पायाशी ठेवलं आणि हात जोडले. "माझ्या झिलान येवचा की थंयच रवचा?" गुरव रस्त्याने जात होता, तोही थांबून बघायला लागला. आता थट्टेने का होईना, एवढा मान कोण कुणाला देतो? मी डोळे मिटून घेतले. परिस्थितीचा नीट विचार केला, हे इथे मुद्दाम नोंदवतो: एका बाजूला वाळवंटातला रस्ता, तंबू, पटकी, दुसऱ्या बाजूला बेकरी, आणि पाव तर इराकी शिपायालाही लागतो. मी सांगितलं, "राहू दे. लढाई होणार नाही."

दुपारी त्याच नारळाची सोलकढी होती. तिने पोटभर वाढली, इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तेज दिसलं. मला बरं वाटलं.

२६ सप्टेंबर

गौरेशचा फोन. "मामा, अम्मानच्या बशीत नाव लागला. परवा सुटता. काय करू?"

मी सांगितलं. कारणंही सांगितली, मुद्देसूद. तो मध्येच म्हणाला, "सगळे जातत, मामा." मी म्हटलं, सगळे जातात म्हणून आपण जायचं हे राजकारण नव्हे. "बरा," म्हणाला. सुमंगला शेजारी उभी होती, तिने मान हलवली.

१२ ऑक्टोबर

विमानं बंद झाली. येणारे आले. मोरजीचा एक मुलगा आला, हरमलचे दोघे आले, काळे ठिक्कर पडलेत, पण आलेत. सुमंगला मोरजीच्या मुलाला बघायला गेली होती. परत आल्यावर तिला विचारलं, काय म्हणतो? तर म्हणे, काही विचारलं नाही, नुसता त्याच्या हाताला हात लावून आले.

इथे पाऊस संपलाय. मांद्र्याच्या किनाऱ्यावर गोरे यायला लागलेत. त्यातल्या एका अमेरिकनाला मी रस्त्यात गाठून त्याच्या देशाच्या धोरणाबद्दल विचारलं. तो म्हणाला की तो सुतारकाम करतो.

३० नोव्हेंबर

संयुक्त राष्ट्रांनी मुदत घातली, पंधरा जानेवारी. तोवर इराकी बाहेर पडले नाहीत तर बळाने काढणार. दुपारी गोकुळदासचा फोन आला. "तुझा भाचा कुठे आहे रे?" मी म्हटलं, तिथेच. त्याने काहीतरी टोचून बोलायला हवं होतं. तसा बोलला असता तर मी भांडलो असतो. "बरं, ठेवतो," म्हणाला आणि ठेवला.

एवढं सैन्य कोणी नुसतं दाखवायला समुद्रापार नेत नाही. हे मला कळत नाही असं नाही. पण धमकी खरी वाटावी म्हणूनच ते न्यावं लागतं, हाही मुद्दा आहेच. दोन्ही बाजू आहेत. जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर

सुमंगलेला सांगायला गेलो. ती परसात माडाच्या झावळ्या विणत बसली होती. म्हटलं, माझं मत थोडं बदललंय, फोन आला तर त्याला निघ म्हणूया. रस्ता अजून आहे, बगदादवरून. तिने हात थांबवले नाहीत.

"कौल फिरवूचो नसता, दादा."

"अगं तो कौल नव्हता! मी माणूस आहे, देव नाही!"

"माका म्हायत आसा तू देव नाय ता," ती म्हणाली, आणि पुढची झावळी ओढली. इतकी हट्टी बाई मी कुठल्या देशात पाहिली नाही. शेवटी घरी आलो. ठरवलं की फोन आला तर मीच घेईन आणि मीच सांगेन.

१९ डिसेंबर

आला फोन. संध्याकाळी, नेमका सगळे जमले असताना. पोस्टमास्तर, गुरव, बारवाला, सगळे सोप्यावर. सुमंगला दारात.

"मामा, ट्रक जातत बगदादेक. एक शेवटची संधी आसा म्हणतत. तुमचा काय म्हणणा?"

मी मागे वळून बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. गुरव तर हात जोडून बसल्यासारखा बसला होता. माझा आवाज मला ऐकू आला: "जे सांगितलं तेच. राहा." गुरवाने मान डोलावली. पोस्टमास्तर म्हणाले, भाईंचं असं असतं, एकदा सांगितलं की सांगितलं.

लाईन फार खराब होती. सविस्तर बोलण्यासारखी नव्हतीच. शिवाय ट्रकने जाणं हे बसपेक्षाही धोक्याचं. शिवाय सुमंगलेनेच नको म्हटलं होतं. हे सगळं लक्षात घेतलं पाहिजे.

१७ जानेवारी १९९१

पहाटे रेडिओ लावला आणि बंद केला. पुन्हा लावला. बगदादवर बॉम्ब पडतायत.

अंधारातच सुमंगलेकडे गेलो. ती चुलीपाशी होती. तिला कळलंय हे तिच्या पाठीवरून कळलं. मी म्हटलं, शिव्या दे मला. भांडं फेकून मार. तिने चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवला. मला राग आला. हो, मलाच राग आला! "तुला बोलायचं नाही का काही?" असं ओरडलो तिच्यावर.

तेव्हा ती बोलली. "दादा, तुका काय एक ठाऊक नव्हता, ता माका तेवाच कळला होता. तू डोळे मिटलंस तेवाच."

"मग माझं ऐकलंस कशाला?"

"मी येवक सांगितलं असतं आणि वाटेत काय झाला असता तर? मी रव सांगितलं असतं आणि थंय काय झाला असता तर? आवशीन खंयचा तोंड घेवन जगाचा? माझ्यान नाय उचलवला ता. तू मोठो. म्हणान तुझ्यार घातलंय." मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, "च्या घे, थंड होता."

मी चहा घेतला. दुसरं काय करणार होतो? कुठे जाणार होतो? दोन घरांच्या मध्ये कुंपणाची वई आहे, तिच्यात जायला-यायला फट आहे, आणि दोन्ही वेळ मला त्या फटीतूनच जेवायला जायचंय.

२९ जानेवारी

माणसं पुन्हा सोप्यावर येतात. मला वाटलं होतं तोंड दाखवणार नाहीत. पण 'लढाई होणार नाही' असं मी म्हणालो होतो, याची कुणी आठवणसुद्धा काढत नाही. आता नवा प्रश्न, "भाई, कधी संपतली?" काल म्हणालो, मला ठाऊक नाही. तर एकमेकांकडे बघायला लागले. बारवाला म्हणाला, "भाईंक बरा नाय." जेवताना सुमंगला म्हणाली, "लोकांक ठाऊक नाय म्हणान सांगू नको. मी आतून आयकतंय."

आज सांगितलं की महिन्याभरात संपेल. सगळे खूश होऊन गेले.

२८ फेब्रुवारी

संपली. महिन्याभरातच, मी म्हटल्याप्रमाणे. गावात मला लोक वाकून नमस्कार करतायत. गौरेशचा पत्ता नाही.

१४ एप्रिल

गौरेश आला! मुंबईहून बसने म्हापशाला उतरला, तिथून मोटारसायकलच्या पाठीवर बसून. सुमंगलेने ओवाळायला ताट घेतलं, ते तिच्या हातातून निसटलं. मी आयुष्यात माणसांसमोर रडलो नव्हतो, आज रडलो. गुरवाने मला हार घातला. गौरेशला नाही, मला! "भाईंनी रव म्हटला, तो रवलो, आणि सुखरूप इलो," असं म्हणाला. पोस्टमास्तरांनी तर भाषणच केलं.

गौरेशने पाया पडून घेतलं, पण वर बघितलं नाही. अर्धा झालाय. पाव मोडून ठेवतो आणि खात नाही.

१७ एप्रिल

आज तो माझ्याकडे येऊन बसला. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. त्यांच्या खोलीत शिरगावचा एक मुलगा होता, धाकू म्हणून. डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा, तिकडे बेकरीची व्हॅन चालवायला लागला होता. सप्टेंबरमध्ये त्याचंही नाव बसमध्ये लागलं होतं, गौरेशच्या खालोखाल.

"तेना माका इचारला, तू काय करतस? मी सांगितलं, माझो मामा राजदूत आसा, मामा म्हणता लढाई होवची नाय. तो म्हणालो, मग मीय रवतंय."

फेब्रुवारीच्या शेवटी, इराकी पळून जायच्या आधीच्या दिवसांत, धाकू पाण्याचे कॅन भरायला व्हॅन घेऊन गेला. रस्त्यात शिपाई सापडेल त्याला धरून नेत होते. व्हॅन मिळाली. तो नाही.

मी म्हटलं, "मी राजदूत नव्हतो रे."

"ता माका म्हायत होता, मामा," गौरेश म्हणाला. "सांगूक बरा वाटायचा."

३ मे

दुपारी एक बाई आली. शिरगावहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून मांद्रे, अशा तीन बसगाड्या बदलून. नाव पार्वती, धाकूची आई. गौरेशकडे आली असेल म्हणून मी वईकडे हात केला. ती म्हणाली, गौरेश येऊन भेटून गेला आमच्याकडे. तुमच्याकडेच आले.

गूळ-पाणी दिलं. तिने गूळ खाल्ला नाही. पदराच्या गाठीतून मुलाचा फोटो काढून मला दाखवला, परत बांधला. मग म्हणाली की लईराई देवीची जत्रा आता दोन आठवड्यांवर आली. धाकू दरवर्षी धोंड असतो. व्रत धरायचा, तळीवर न्हाऊन निखाऱ्यांतून चालायचा, कुवेतला जाईपर्यंत एक वर्ष चुकवलं नाही त्याने. त्याच्या वेताच्या काठीला नवे गोंडे बांधायचे असतात. बांधायचे की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. "जत्रेपर्यंत येतलो मां तो? तुमी सांगा. तुमका तिकडला सगळा कळता."

सुमंगला वईच्या फटीत येऊन उभी राहिली होती. माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय हवंय ते मला ठाऊक होतं. एक शब्द. 'येईल.' गोंडे बांधले जातील, बाई शांतपणे बसमध्ये बसेल, आणि पुढचं पुढे.

मी म्हणालो, "बाई, मला ठाऊक नाही."

पार्वतीने ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मगे तेवा कसा ठाऊक होता?"

रागाने नाही विचारलं. रागाने विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं देण्यातच माझा जन्म गेला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी व्हिएतनामपासून सुरुवात करणार होतो. ते सोडून उठलो, चपला घातल्या.

तिला तिठ्यापर्यंत पोहोचवायला गेलो. बस यायला वेळ होता. ऊन होतं, तिने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, मी अजून काहीतरी सांगेन म्हणून.